रणजी अंतिम सामना २०२४ : मुंबई विरुद्ध विदर्भ

रणजी करंडकात महाराष्ट्र राज्याचे तीन संघ उतरतात : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र, हिंगोली जिल्हा, पर्यायाने पुसेगाव, यांपैकी तिसऱ्याकडे मोडतो. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबई व विदर्भ अंतिम सामन्यात भिडले. मुंबईच्या २२४ धावांपुढे विदर्भाचा पहिला डाव १०५ धावांत कोसळला. करंडक खरे तर तेथेच दुरावला. तरीही ५३८ धावांच्या अशक्यप्राय लक्ष्यासमोर कर्णधार अक्षय वाडकर (१०२) व हर्ष दुबे (६५) यांनी सहाव्या गड्यासाठी १३० धावा जोडून पाचव्या दिवशीही मुंबईकरांना घाम फोडला. वाडकर पायचीत झाला आणि त्याच्यासह अखेरचे पाच गडी अवघ्या १५ धावांत गारद झाले. मुंबई १६९ धावांनी विजयी. हे तिचे ४२वे विजेतेपद. पुढच्याच मोसमात नागपूरच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी नमवले आणि करंडकही पटकावला.