खडकांचे वयन : न्यूट्रॉन विवर्तन पद्धती

खडकातील खनिज-स्फटिकांचे अक्ष कोणत्या दिशांना वळलेले आहेत, हे न्यूट्रॉनांच्या विवर्तनावरून ठरविण्याची पद्धती. उच्च दाब व तापमानाला खडक विरूप होतो, तेव्हा स्फटिक वळतात किंवा नव्याने घडतात आणि त्यांचे अक्ष विशिष्ट दिशांना जुळतात. या जुळणीला वयन म्हणतात; तिच्यावरून विरूपणाचा इतिहास उलगडता येतो.

ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक ब्रूनो झांडर यांच्या १९३० सालच्या ग्रंथामुळे या अभ्यासाला शास्त्रीय बैठक मिळाली. त्या काळी खडकाच्या पातळ छेदातील एकेका कणाचा अक्ष सूक्ष्मदर्शकाखाली मोजावा लागे. क्ष-किरण विवर्तनात पृष्ठभागालगतचा पातळ थरच तपासला जातो. न्यूट्रॉनावर विद्युत्‌भार नसल्याने तो खडकात काही सेंटीमीटर खोल शिरतो. त्यामुळे पट्टिताश्मासारख्या भरड खडकाचा अख्खा तुकडा न कापता तपासता येतो आणि असंख्य कणांची एकत्रित सरासरी मिळते.

रशियातील दुबना येथील आयबीआर-२ ही स्पंद अणुभट्टी सेकंदाला ५ वेळा न्यूट्रॉनांचा झोत सोडते. तेथील ‘स्कॅट’ हे उपकरण खास वयनमापनासाठी आहे. भट्टीपासून सुमारे १०० मीटर दूर ठेवलेल्या नमुन्यापर्यंत १ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा न्यूट्रॉन सुमारे २५ मिलिसेकंदांत पोहोचतो. तरंगलांबी जितकी जास्त तितका उशीर. पोहोचण्याच्या वेळेवरून तरंगलांबी आणि तीवरून, ब्रॅग नियमानुसार, स्फटिक-प्रतलांमधील अंतर कळते. नमुना टप्प्याटप्प्याने फिरवून प्रत्येक प्रतलाची ध्रुव-आकृती (प्रतलाच्या लंबांच्या दिशा दाखविणारी आकृती) काढतात. क्वार्ट्‌झच्या मुख्य अक्षाला लंब असलेल्या प्रतलाचे परावर्तन क्षीण असते; म्हणून त्या अक्षाची मांडणी इतर प्रतलांच्या ध्रुव-आकृतींवरून गणिताने काढावी लागते.

भूकंपशास्त्राला या मापनाचा मोठा उपयोग होतो. ऑलिव्हीनच्या एका स्फटिकात प्राथमिक तरंगाचा वेग दिशेनुसार सेकंदाला सुमारे ७.७ ते ९.९ किमी. असतो. प्रावरणातील खडकांत असे स्फटिक एका दिशेने जुळले, की तरंगांचा वेगही दिशेनुसार बदलतो. वयन ठाऊक असल्यास हा फरक आधीच गणिताने काढून भूकंपाच्या नोंदींशी पडताळता येतो.

जलयुक्त खनिजांतील हायड्रोजनामुळे मापनात पार्श्वभूमी-विकिरण वाढते, तर बोरॉन न्यूट्रॉन शोषून घेतो. कोणता कण कोठे आहे, हेही या पद्धतीने कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची जोड घ्यावी लागते.