मेनूतील नोंद आणि तिचा अधिकार

संगणकाच्या पडद्यावरील मेनूत किंवा पट्टीवर एखाद्या प्रोग्रॅमची नोंद कशी येते, हा प्रश्न आज क्षुल्लक वाटत असला, तरी ती नोंद कोण करी आणि कोणत्या स्वरूपात लिहून ठेवी, यावरून वापरणाऱ्याचा आपल्या यंत्रावर किती ताबा होता हे कळते. १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिममध्ये हा ताबा पूर्ण होता, पण तो महागात पडे. खिडक्यांची मांडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला विंडो मॅनेजर म्हणतात; टीडब्ल्यूएम या जुन्या विंडो मॅनेजरचा मेनू ज्याला बदलायचा असे, त्याला एका मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक नाव आणि त्यापुढची आज्ञा हाताने लिहून विंडो मॅनेजर पुन्हा सुरू करावा लागे. दुसरा विंडो मॅनेजर घेतला की फाइलही वेगळी आणि तिचे व्याकरणही वेगळे.

ही नोंद एखाद्या साध्या फाइलसारखी उचलून ठेवता यावी, ही कल्पना ॲपलने १९९१ च्या सिस्टिम ७ मध्ये प्रत्यक्षात आणली. एका ठरावीक फोल्डरमध्ये मूळ प्रोग्रॅमकडे नेणारी खूणफाइल टाकली, की तिचे नाव ॲपल मेनूत दिसू लागे. पुढे ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ चा स्टार्ट मेनूही मुळात फोल्डरच होता आणि त्यातील शॉर्टकट म्हणजे प्रोग्रॅमचा पत्ता सांगणाऱ्या छोट्या फाइली होत्या. लौकिक विंडोजला अधिक मिळाला, पण अग्रमान ॲपलचाच मानावा लागतो.

लिनक्सवर केडीई १.० (१९९८) आणि ग्नोम १.० (१९९९) ही दोन डेस्कटॉप वातावरणे उभी राहिली, तेव्हा दोन्हींनी नोंदीसाठी आपापल्या फाइली ठरवल्या होत्या. त्यामुळे एकाच प्रोग्रॅमच्या लेखकाला दोन नोंदी लिहाव्या लागत आणि एक राहिली, तर तो प्रोग्रॅम यंत्रावर असूनही निम्म्या लोकांना मेनूत सापडत नसे. डेबियन या लिनक्स वितरणाने या अडचणीवर स्वतःपुरता तोडगा काढला होता: प्रत्येक प्रोग्रॅमसोबत एक छोटी नोंद यावी आणि त्या नोंदींवरून निरनिराळ्या विंडो मॅनेजरांचे मेनू आपोआप तयार व्हावेत. सर्वांना मान्य होईल असा मार्ग मात्र हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या फ्रीडेस्कटॉप या व्यासपीठावर ठरला. त्यातील डेस्कटॉप एन्ट्री या मसुद्यानुसार नोंदीची फाइल साधा मजकूर असते आणि तिच्यात नाव, चालवायची आज्ञा, चित्र आणि वर्ग यांच्या ओळी असतात. भाषेगणिक नावाची वेगळी ओळ देता येत असल्याने मराठी निवडणाऱ्याला तेच साधन देवनागरी नावाने दिसू शकते.

या रचनेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दोन जागांचा नियम. सर्वांसाठीची नोंद यंत्राच्या सामायिक फोल्डरमध्ये राहते, पण वापरणाऱ्याने आपल्या घरच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल ठेवली, तर त्याचीच नोंद ग्राह्य धरली जाते. म्हणजे व्यवस्थापकाच्या परवानगीवाचून नाव बदलता येते किंवा नोंद मेनूतून लपवता येते.

विंडोजमध्ये याच अधिकाराचा प्रश्न उलट बाजूने आला. १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर आलेल्या क्विक लाँच पट्टीवर नवनवे प्रोग्रॅम बसवले जाताना आपली चित्रे न विचारताच टाकू लागले. म्हणून २००९ च्या विंडोज ७ मध्ये टास्कबारवर प्रोग्रॅम कायम ठेवण्याची सोय देताना मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅमांना स्वतःहून तिथे बसण्याचा अधिकृत मार्ग जाणूनबुजून ठेवला नाही. इकडे लिनक्सवर एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ ने वर्गवार मेनू मुख्य पडद्यावरून काढला, पण त्याची शोधपेटीही त्याच डेस्कटॉप फाइली वाचत राहिली. २०१५ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीने, ज्या प्रोग्रॅमसोबत डेस्कटॉप फाइल आहे त्याने जुन्या पद्धतीची नोंद देऊ नये, असा निर्णय दिला.