सूर्य, अणू आणि एक गणिती

पुण्याहून सिंहगडाकडे जाताना खडकवासल्याचे धरण लागते. सहलीला आलेली मुले तिथे थांबतात, भाजलेले कणीस खातात आणि पाणी पाहतात. या पाण्यात ऊर्जा किती आहे, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आज आपण तो विचारू.

खडकवासल्याचा उपयुक्त साठा सुमारे ५.५ कोटी घनमीटर, म्हणजे ५,५०० कोटी किलोग्रॅम पाणी. सोयीसाठी असे धरू, की हे सगळे पाणी २० मीटर खाली पडले. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की सुमारे १०,७८,००० कोटी ज्यूल ऊर्जा येते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेव्हा भरलेल्या धरणातील ही ऊर्जा झाली सुमारे ३० लाख युनिट.

आता पाण्याकडे पाठ करून उन्हाकडे पाहू. पुण्याच्या परिसरात वर्षाच्या सरासरीने एका चौरस मीटरवर दिवसाला सुमारे ५ युनिट ऊर्जा उन्हातून येते. एक चौरस किलोमीटर म्हणजे १० लाख चौरस मीटर. म्हणजे एवढ्या जमिनीवर एका दिवसात ५० लाख युनिट ऊर्जा पडते. अख्ख्या धरणाच्या पाण्यात जेवढी ऊर्जा, त्याहून अधिक! शिवाय ते पाणी डोंगरावर नेऊन ओतले तेही सूर्यानेच.

हे आकडे आम्ही आज मांडले असले, तरी ऊर्जेचा प्रश्न असा सरळ हिशेबाने तपासण्याचा आग्रह पुण्यात राहणाऱ्या एका गणितज्ञाने १९५० च्या दशकातच धरला होता. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध विद्येचे नामवंत पंडित. दामोदर अमेरिकेत शिकले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर होऊन परतले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे गणित शिकवले. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे एक सूत्र दिले. ते आजही आनुवंशिकीत 'कोसंबी फलन' या नावाने वापरले जाते. त्यांनी हजारो प्राचीन नाणी एकेक करून तराजूत तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, त्याचे वजन घटते आणि नाण्यानाण्यांतील वजनाचा फरक वाढतो. या साध्या गोष्टीवर संख्याशास्त्र लावून त्यांनी नाण्यांचा कालक्रम ठरवण्याची रीत बसवली. मोजल्याशिवाय मत द्यायचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

होमी भाभांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. राहणे पुण्यात, काम मुंबईत. जाणेयेणे 'डेक्कन क्वीन'ने. सांधेदुखीचा जुनाट विकार जडलेला असतानाही पाठीवर पिशवी टाकून पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि खेडी त्यांनी पायी पालथी घातली, गारगोटीची सूक्ष्म हत्यारे गोळा केली. ज्या खेड्यांतून ते हिंडत, तिथे चुलीत लाकूड आणि शेणीच जळत होत्या.

याच काळात देशात अणुशक्तीविषयी मोठा उत्साह होता. अणुशक्ती आयोग १९४८ मध्ये स्थापन झाला होता आणि त्याचे अध्यक्ष होते भाभा. अशा वेळी त्याच भाभांच्या संस्थेत काम करणाऱ्या कोसंबींनी १९५७ मध्ये 'सूर्य की अणू?' अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख अमेरिकेतील 'मंथली रिव्ह्यू' मासिकात लिहिला. १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबपुढेही ते याच विषयावर बोलले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: अणुभट्टीला अफाट भांडवल लागते. सूर्यप्रकाश मात्र आपल्या देशात भरपूर आहे आणि तो खेडोपाडी फुकट पोचतो. जिथे गरज तिथेच तो वापरता आला, तर लांब पल्ल्याच्या वाहिन्यांचाही खर्च वाचेल. म्हणून संशोधनाचा पैसा आणि बुद्धी तिकडे वळवावी.

कोसंबींचे सगळेच बरोबर होते काय? तसे म्हणता येणार नाही. सिलिकॉनचा उपयुक्त सौर घट १९५४ मध्ये अमेरिकेत तयार झाला, पण तो उन्हातील जेमतेम ६ टक्के ऊर्जेची वीज करी आणि त्याची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. रात्री काय करायचे, हा प्रश्न तर होताच. धरणातले पाणी मध्यरात्रीही सोडता येते. ऊन मात्र साठवावे लागते.

गणितातही त्यांची एक मोठी चूक झाली. १८५९ मध्ये रीमान या जर्मन गणितज्ञाने मूळ संख्यांशी निगडित एक अटकळ मांडली होती. संभाव्यतेच्या मार्गाने ती सिद्ध केल्याचा दावा कोसंबींनी १९५९ मध्ये शेतीविषयक संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात केला. ती सिद्धता टिकली नाही. अटकळ आजही सिद्ध झालेली नाही. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. त्यामागे ही फसलेली सिद्धता होती, तसा अणुशक्तीला केलेला विरोधही होता, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात.

नोकरी गेली तरी काम थांबले नाही. १९६४ मध्ये त्यांनी सौर ऊर्जेवर पुन्हा लेख लिहिला. त्याच वर्षी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमले. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. आदल्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांची प्रकृती ठीक असल्याचे सांगितले होते.

पुढे सौर घट स्वस्त होत गेले. २०२५ च्या सुरुवातीला भारताची सौर विजेची क्षमता १०० गिगावॉटच्या पुढे गेली. अणुविजेची तेव्हा ९ गिगावॉटहूनही कमी होती. मात्र हे आकडे वर्गात सांगताना एक गोष्ट विसरू नये. अणुवीज केंद्र रात्रंदिवस चालते, सौर पट्ट्या दिवसाच काम करतात. म्हणून क्षमता अकरा पट असली, तरी प्रत्यक्ष मिळणारी वीज अकरा पट नसते. हा फरक कोसंबींच्या बाजूचा नाही, म्हणून तो लपवणे त्यांनाही रुचले नसते.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. शाळेच्या गच्चीची लांबी-रुंदी मुलांकडून मोजून घ्यावी. क्षेत्रफळाला ५ ने गुणावे आणि त्याचा पाचवा भाग घ्यावा, कारण आजच्या चांगल्या पट्ट्या उन्हातील सुमारे २० टक्के ऊर्जेची वीज करतात. १०० चौरस मीटर गच्चीला उत्तर येईल दिवसाला सुमारे १०० युनिट. पट्ट्यांमध्ये सोडावी लागणारी जागा आणि धूळ लक्षात घेता प्रत्यक्षात ते बरेच कमी भरेल. किती कमी, हे मुलांनाच शोधू द्यावे. मग शाळेचे वीजबिल शेजारी ठेवावे.