शाळा परक्याची, मूल आपले

कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो हे गाव जगाला अॅपल कंपनीमुळे माहीत आहे. परंतु येथे घर शोधणारी हिंदी कुटुंबे बहुधा शाळांची चौकशी करूनच येतात. मूल आठवीत पोचले की घरोघर एकच चर्चा सुरू होते. नववी ते बारावीची चार वर्षे त्याला सरकारी हायस्कुलात घालावे, की फी भरून कॅथलिक हायस्कुलात? आपली बेने इस्राएल कुटुंबे या भागात फार थोडी. त्यांच्यापुढे हा प्रश्न दुप्पट अवघड होऊन उभा राहतो, कारण एका शाळेत धर्म मुळीच शिकवीत नाहीत, आणि दुसरीत शिकवितात तो आपला नव्हे.

परंतु हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत व कुलाबा जिल्ह्यात आपल्या वाडवडिलांनी तो सोडविलेला आहे. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईस आले व त्यांनी शाळा काढल्या. 1829 साली स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन आले. त्यांनी 1832 साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. शनवार तेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या लोकांना पवित्र भाषेचे व्याकरण मायबोलीत मिळाले ते एका ख्रिस्ती पाद्र्याच्या हातून! मिशनऱ्यांचा हेतू काय होता हे आईबापांना ठाऊक नव्हते असे नाही. तरीही त्यांनी मुले पाठविली, मुलीदेखील पाठविल्या. विद्या घेतली आणि धर्म राखला. धर्मांतर केलेले बेने इस्राएल फारच थोडे निघाले.

असे असूनही परक्यांच्या शाळेवर कायमचे विसंबणे समाजधुरीणांस पटेना. हाईम सॅम्युएल केहिमकर व त्यांचे सहकारी यांनी 1875 साली मुंबईत इस्राएलाईट स्कूल स्थापिले. इंग्रजी शिक्षण आणि हिब्रू एकाच छपराखाली मिळावे हा उद्देश. लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनने या कामी साहाय्य केले. हीच शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने माझगावात नावारूपास आली. तरी सर्वच आईबापांनी मुले तेथे घातली असे झाले नाही. कोणी घराजवळची म्युनिसिपालिटीची शाळा पसंत केली, कोणी कॉन्व्हेंट. आमच्या पिढीतील कितीतरी मुली नन्सच्या हाताखाली शिकल्या आणि पुढे परिचारिका, शिक्षिका, टायपिस्ट झाल्या. भारतीय राज्यघटनेच्या 28व्या कलमाने एक संरक्षणही दिले आहे. सरकारमान्य वा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणासही त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धर्मशिक्षणास वा प्रार्थनेस बसविता येत नाही.

अमेरिकेत कॅथलिक शाळा कशा निघाल्या ते पाहिले, तर केहिमकरांचीच आठवण होते. एकोणिसाव्या शतकात येथील सरकारी शाळा नावाच्याच निधर्मी होत्या. तेथे प्रॉटेस्टंटांचे बायबल वाचीत. कॅथलिक आईबापांनी हरकत घेतली. त्या वादातून 1844 साली फिलाडेल्फियात दंगली होऊन माणसे मेली, चर्चे जळाली. शेवटी 1884 साली बाल्टिमोर येथे बिशपांच्या परिषदेने ठराव केला की प्रत्येक पॅरिशने आपली शाळा काढावी. म्हणजे ज्या भीतीने माझगावात आपली शाळा निघाली, त्याच भीतीने यांच्या शाळा निघाल्या.

1922 साली ऑरेगन राज्याने मुलांना सरकारी शाळेतच घातले पाहिजे असा कायदा केला. नन्सच्या एका संस्थेने तो कोर्टात नेला. त्या वेळी लुई मार्शल या ज्यू वकिलांनी अमेरिकन ज्युईश कमिटीच्या वतीने नन्सच्या बाजूने निवेदन दिले. 1925 साली सुप्रीम कोर्टाने कायदा रद्द ठरविला. मुलाची शाळा निवडण्याचा जो हक्क आज क्युपर्टिनोतील आईबाप बजावतात, तो तेथून आलेला आहे. पुढे 1962 साली याच कोर्टाने सरकारी शाळांतील सरकारी प्रार्थना बंद केली. न्यूयॉर्कमधील त्या खटल्याच्या फिर्यादींत ज्यू पालक होते. अमेरिकेतील आपल्या धर्मबंधूंनी बहुतांशी सरकारी शाळा स्वीकारली, पण दुसऱ्याचा हक्कही राखला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

आता क्युपर्टिनोकडे वळू. फळबागांचे हे खेडे 1955 साली शहर झाले. 1958 साली क्युपर्टिनो हायस्कूल, 1962 साली होमस्टेड आणि 1969 साली माँटा व्हिस्टा निघाले. अॅपलचे दोन्ही स्टीव्ह, वॉझ्निअॅक आणि जॉब्स, होमस्टेडचेच विद्यार्थी. कॅथलिक हायस्कुले शेजारच्या गावांत आहेत. माउंटन व्ह्यूचे सेंट फ्रान्सिस 1954 चे. सॅन होजेचे आर्चबिशप मिटी 1964 चे. मुलींसाठी काढलेले प्रेझेंटेशन 1962 चे. सर्वांत जुने बेलार्माईन, जेझुइटांनी 1851 साली मुलांसाठी सुरू केलेले. ज्या कार्डिनल बेलार्माईनांचे नाव या शाळेने घेतले, त्यांनीही सोळाव्या शतकात हिब्रूचे व्याकरण लिहिले होते. विल्सनसाहेबांच्या आधी अडीचशे वर्षे!

खर्चाचा हिशेब वाटतो तितका सरळ नाही. कॅथलिक हायस्कूलची फी आज वर्षाला 20 हजार डॉलरच्या वर जाते. सरकारी शाळेला फी नाही. पण मूल कोणत्या शाळेत जाणार ते घराच्या पत्त्यावर ठरते आणि क्युपर्टिनोत साधे घर 20 लाख डॉलरना मिळत नाही. म्हणजे फी येथे घराच्या हप्त्यांतून भरावयाची. कॅथलिक शाळा लहान, म्हणून मुलाकडे अधिक लक्ष, ही समजूतही तपासून घ्यावी. बेलार्माईन, मिटी येथेही दीड हजारांवर विद्यार्थी आहेत. सरकारी शाळांतील चढाओढ मात्र खरी आहे. 2005 साली वॉल स्ट्रीट जर्नलने लिहिले होते की माँटा व्हिस्टा व लिनब्रुक या शाळांतील अभ्यासाच्या स्पर्धेला कंटाळून काही गोरी कुटुंबे दूर जात आहेत. रुग्णसेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस एवढेच सांगावेसे वाटते की पंधरा वर्षांच्या मुलाची झोप उडविणारी शाळा, सरकारी असो वा कॅथलिक, महागच पडते.

राहिला धर्म. कॅथलिक शाळेत धर्माचा विषय सर्वांनाच घ्यावा लागतो आणि खाजगी शाळा असल्याने आपल्या 28व्या कलमासारखे संरक्षण तेथे नाही. उलट, 28 ऑक्टोबर 1965 रोजी व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की येशूच्या मृत्यूचा दोष सर्व ज्यूंवर लादू नये व ज्यूद्वेष निंद्य आहे. त्यामुळे आपल्या आजीला जे टोमणे ऐकावे लागले असतील, ते नातवाला पाठ्यपुस्तकातून ऐकावे लागणार नाहीत. सरकारी शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती नाही, आणि दारफाळणीच्या सणाची रजा आईबापांच्या चिठ्ठीवर मागता येते. तथापि फुटबॉलचे सामने दोन्हीकडे शुक्रवारी रात्रीच असतात. शब्बाथ राखण्याची अडचण दोन्हीकडे सारखीच.

म्हणून फी भरण्यापूर्वी पालकांनी शाळेत जाऊन स्पष्ट विचारावे. मिस्साच्या वेळी आमच्या मुलाने काय करावयाचे? नुसते बसावयाचे, की वाचन व गायन करावयाचे? उपवासाच्या दिवशी परीक्षा आली तर ती पुढे घेतील काय? उत्तर सरळ मिळाले तर शाळा चांगली समजावी.

आमचे मत विचाराल तर ज्यांच्या दाराशी चांगली सरकारी शाळा आहे, त्यांनी तीच पसंत करावी व वाचलेला पैसा कॉलेजसाठी ठेवावा. मात्र एखाद्या मुलाचे मन कॅथलिक शाळेतच रमणार असेल, तर त्याला तेथे घालण्यात कमीपणा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी तेच केले. ते मिशनच्या शाळेतून घरी येत तेव्हा घरात शुक्रवारी दिवा लागलेला असे, शेमा म्हटली जाई आणि गल्लीत मशीद असे. क्युपर्टिनोत ती गल्ली नाही. माझगावच्या शाळेतही आज आपली मुले जवळजवळ नाहीत, कारण समाजच इस्राएलात व इतरत्र निघून गेला. तेव्हा गल्लीचे काम येथे घरालाच करावे लागेल. नववीत नाव घालण्याच्या आधी, निदान त्याच वर्षी, दर शुक्रवारी सर्वांनी एका टेबलाशी बसण्याचा आणि मुलाला आठवड्यातून एकदा हिब्रू शिकविण्याचा नेम आईबापांनी करावा. शाळा कोणती, हे त्यानंतर ठरवावे.