गावात विहीर आहे

सरकारी कागदात पाणी लिटरात मोजतात, अंतर किलोमीटरात. आमच्यात पाणी मोजलं जायचं ताटकळण्यात. आजी सांगायची, विहीर हाकेच्या अंतरावर, पण घागर घेऊन लांब उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरून ओतणार. सकाळी गेलेली बाई दुपारी परतायची. ही तहान कुठल्या पट्टीनं मोजणार?

मागं जाऊन बघा. 4 ऑगस्ट 1923 ला सी. के. बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव पास करून घेतला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. 1924 ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. म्हणजे कागदावर त्या दिवसापासून आपल्याला पाणी होतं. प्रत्यक्षात एकाची हिंमत होईना. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, मागून हजारोंनी भरली, आणि त्याच दिवशी आपल्या माणसांची डोकी फुटली. मग शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळं ‘शुद्ध’! गुरं पीत होती तेव्हा ते बाटत नव्हतं. नगरपालिकेनं ठरावही मागं घेतला. हायकोर्टाचा निकाल लागला 17 मार्च 1937 ला. ठरावापासून तेरा वर्षं.

1972 च्या दुष्काळाच्या सुमारास केंद्राची ग्रामीण पाणीपुरवठा योजना आली. तिचे निकष पुढं असे ठरले: माणशी दिवसाला 40 लिटर, 1.6 किलोमीटरच्या आत पाणी, 250 माणसांमागं एक हातपंप. निकष वाईट नव्हता. पण आधी मोजलं ते गाव. गावात विहीर आहे, लिहा, गाव सुटलं! महारवाडा, मांगवाडा एरवी गावाबाहेर. मोजणीच्या वेळी मात्र गावाच्या पोटात. वस्तीवार मोजणी व्हायला नव्वदीचं दशक उजाडलं. त्यातही अंतर मोजलं. मधे उभा माणूस कोण मोजणार?

संडासाचं तेच. 2011 च्या जनगणनेत खेड्यातल्या शंभरातल्या 69 घरांत संडास नव्हता. 2019 ला देश हागणदारीमुक्त जाहीर झाला. खड्डे मोजले. ते उपसणारे हात कुणाचे, हा रकाना कुठाय? मैला वाहण्यावर बंदीचा कायदा 1993 ला झाला, 2013 ला पुन्हा करावा लागला.

2019 पासून घरोघर नळ, माणशी 55 लिटर. आमच्या वस्तीतही नळ आलाय. पाइप गावातून फिरून शेवटी आमच्याकडं येतो. वरच्या आळीत मोटारी लागल्या की इकडं नुसती हवा फुसफुसते. मोजणीवाला आला, तोटी बघितली, खूण केली, गेला. आई अजून हंडे घेऊन पहाटे चारला उठते.