आपला शेंडा आपणच खुडणारं झाड

आमच्या खिडकीतल्या कुंडीकडे बघून बहुतेक पाहुणे एकच प्रश्न विचारतात, "याला काही रोग झालाय का?" प्रश्न रास्त आहे. वीतभर उंचीचं झाड, पानं काळपट हिरवी आणि चुरगळल्यासारखी, आणि त्या एवढ्याशा जिवाला बोराएवढे पंधरा-वीस टोमॅटो लगडलेले! नारायणगावकडच्या शेतात काठ्या-तारांवर चढवलेला पुरुषभर उंच टोमॅटो ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे झाड आजारीच वाटणार.

रोग नाही हो. पण दोष आहे, तोही एक नाही, निदान दोन. आणि ते दोष कुठून आले हे शोधता शोधता मी इतका लांब गेलो की म्हटलं, आता लिहूनच काढावं.

मुळात टोमॅटो लहानच होता. दक्षिण अमेरिकेतले त्याचे रानटी भाऊबंद आजही करवंदाएवढी, वाटाण्याएवढी फळं धरतात. स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतून तो युरोपात नेला आणि १५४४ साली मात्तिओली या इटालियन वैद्यानं त्याची नोंद केली. १६२३ मध्ये बाउहिन या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं आपल्या ग्रंथात चेरीच्या आकाराच्या फळांचाही उल्लेख केलाय. (चेरी टोमॅटो इस्राएलनं शोधला असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात, त्यांच्यासाठी हे साल लक्षात ठेवावं! इस्राएली शास्त्रज्ञांनी तो दुकानात जास्त दिवस टिकेल असा केला, हे श्रेय मात्र त्यांचंच.) पुढची दोन-तीनशे वर्षं माणसाची धडपड उलट दिशेनं चालली होती: फळ मोठं हवं, गोल हवं, गुळगुळीत हवं. ओहायोच्या अलेक्झांडर लिव्हिंग्स्टन यांनी १८७० मध्ये 'पॅरागॉन' नावाचा तसा टोमॅटो बाजारात आणला आणि चेरीसारखी फळं मागे पडली. असो.

आता पहिला दोष. साधं टोमॅटोचं झाड कसं वाढतं ते पाहण्यासारखं आहे. तीन पानं, मग फुलांचा एक तुरा. परत तीन पानं, परत तुरा. थंडी पडेपर्यंत किंवा झाड मरेपर्यंत ही जपमाळ चालूच. त्याला थांबणं ठाऊक नाही. १९१४ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात एक असं झाड निघालं की ज्याला थांबता येत होतं. दोन तुऱ्यांमधली पानं कमी कमी होत गेली आणि शेवटी शेंड्याच्या जागीच फुलं आली. वाढ संपली. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं, निसर्गात असे बदल आपोआप होतच असतात. बहुतेक वेळा असं झाड 'खुंटलं' म्हणून उपटून टाकलं जातं. हे टाकलं गेलं नाही. या गुणाला इंग्रजीत 'सेल्फ-प्रूनिंग' म्हणतात, म्हणजे आपला शेंडा आपणच खुडणारं.

इथे माझा आवडता माणूस येतो, आल्बर्ट येगर. हे नाव आपल्यापैकी फारसं कुणी ऐकलेलं नसेल. १९२० च्या दशकात हे गृहस्थ नॉर्थ डाकोटाच्या कृषी महाविद्यालयात होते. नॉर्थ डाकोटा म्हणजे कॅनडाच्या सीमेला लागून असलेला गोठवणारा प्रदेश. हिमाच्या दोन तडाख्यांमध्ये शेतीला जेमतेम चार महिने मिळतात. तिथे सतत वाढत राहणारा टोमॅटो काय कामाचा? पहिला तुरा पिकायला लागेपर्यंत वरचे तुरे थंडीनं जायचे. त्यांना लवकर वाढ आटपून फळांच्या मागे लागणारं झाड हवं होतं. १९२७ मध्ये त्यांनी या खुंटलेल्या वाढीवर एक लेख प्रसिद्ध केला आणि दाखवून दिलं की हा गुण एकाच जनुकाचा आहे, आणि तो दबून राहणारा आहे. म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो, नाहीतर पिढ्यान्पिढ्या लपून बसतो. पुढे १९३९ मध्ये ते न्यू हँपशायरच्या विद्यापीठात गेले. हवा तिथलीही थंडच! १९४५ साली त्याच विद्यापीठातून 'टायनी टिम' बाहेर पडला: हातभर उंच, कुंडीत मावणारा, चेरीएवढी फळं देणारा. आज ऐंशी वर्षांनंतरही त्याचं बी मिळतं.

मला यात गंमत वाटते ती अशी, की खिडकीतली ही हौस शहरी लोकांच्या लाडातून जन्मली असेल असं मला वाटायचं. प्रत्यक्षात तिच्यामागे थंडीशी झगडणाऱ्या शेतकऱ्यांची अडचण निघाली.

पण याच दोषानं दुसरीकडे काय केलं तेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. शेंडा खुडणाऱ्या झाडाची फळं साधारण एकदमच पिकतात आणि झाड बुटकं, आटोपशीर राहतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या जॅक हॅना यांनी अशाच गुणाचा, कडक सालीचा टोमॅटो तयार केला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो काढायचं यंत्र. यंत्र अख्खं झाड कापून घेतं आणि फळं झटकतं. हे एकदाच करता येतं, म्हणून सगळी फळं एका वेळी पिकणं भाग. मेक्सिकोतून हंगामी मजूर आणायची सरकारी योजना १९६४ अखेर बंद झाली आणि यंत्राला रान मोकळं मिळालं. १९६३ मध्ये सॉसच्या कारखान्यांकडे जाणारा जवळजवळ सगळा टोमॅटो हातानं तोडला जात होता, १९६८ मध्ये जवळजवळ सगळा यंत्रानं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे असे टोमॅटो पिकवणारे सुमारे ४,००० शेतकरी होते, १९७३ मध्ये उरले सुमारे ६००. यंत्र परवडणारे राहिले, बाकीचे गेले. तोडणाऱ्या हजारो हातांचं काम गेलं ते वेगळंच. १९७९ मध्ये यावरून विद्यापीठावर खटलासुद्धा भरला गेला: लोकांच्या पैशानं केलेलं संशोधन मूठभरांच्याच फायद्याचं का?

जनुक तेच हं! एकीकडे खिडकीतली कुंडी, दुसरीकडे रिकामी झालेली शेतं. जनुकाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण बुटक्या झाडाकडे बघून "किती गोड!" म्हणताना हेही आठवतं, त्याला इलाज नाही.

दुसरा दोष जुना आहे. 'ड्वार्फ' म्हणजे खुजे टोमॅटो एकोणिसाव्या शतकापासूनच माहीत होते. त्यांचा शेंडा थांबत नाही, पण वाढीचं एक संप्रेरक नीट तयार होत नसल्यानं कांडी आखूड राहते आणि पानं गडद, सुरकुतलेली होतात. म्हणजे पाहुण्यांना दिसतो तो 'रोग' हाच. फ्लोरिडा विद्यापीठाच्या स्कॉट आणि हार्बो यांनी १९८९ मध्ये 'मायक्रो-टॉम' प्रसिद्ध केला, त्यात हे दोन्ही दोष एकत्र आहेत. माझ्या कुंडीत आहे तो हाच. केला होता घरातल्या शोभेसाठी, पण १९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की एका चौरस मीटरमध्ये याची हजारावर झाडं मावतात आणि बियापासून पिकलेल्या फळापर्यंत ७० ते ९० दिवस पुरतात. झालं, स्वारी खिडकीतून थेट प्रयोगशाळेत! त्याच्याच जातकुळीतला 'रेड रॉबिन' तर अंतराळ स्थानकात पिकला. तिथे फ्रँक रुबिओ या अंतराळवीराच्या हातून टोमॅटो हरवला, "तूच खाल्लास" म्हणून सहकाऱ्यांनी त्याला पिडलं, आणि तो पृथ्वीवर परतल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये सुकलेला टोमॅटो सापडला. बिचारा!

आता घरच्यांसाठी कामाचं. टोमॅटोच्या फुलात परागकोशांची नळी असते आणि स्त्रीकेसर तिच्या आतच असतो. त्यामुळे फूल बहुधा स्वतःचं स्वतःच फळतं. घरात वारा नसेल तर फांदीला टिचकी मारली की पुरे. मायक्रो-टॉम आणि टायनी टिम हे संकरित बी नाही, स्थिर वाण आहेत. म्हणून त्यांचं बी धरलं की पुढच्या वर्षी तेच झाड मिळतं. बाजारातल्या महागड्या संकरित चेरी टोमॅटोचं बी धरून पाहा, पोरं एकाला एक मिळत नाहीत, आणि दरवर्षी पाकीट विकत घेणं आलं. मला स्थिर वाणच आवडतात, हट्ट म्हणा हवं तर.

माझ्या वऱ्हाडातल्या मावशीनं विचारलं, "हे भेदरं लावायचं कसं?" तर मावशी, सकस मातीत पाव इंच खोल बी टाक. ऊब असेल तर आठवड्याभरात उगवतं. सहा इंची कुंडी पुरते, पण सहा तास तरी ऊन हवंच, त्यात तडजोड नाही. काठी बांधायची नाही, शेंडा खुडायचा नाही, ते काम झाडानं आधीच केलंय. बी धरायला पूर्ण पिकलेलं फळ घे आणि गर थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेव. वास येईल, येऊ दे. बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण त्यांना उगवू देत नाही, ते त्यात सुटून जातं. मग गाळणीत धुऊन सावलीत वाळव. फक्त वर्तमानपत्रावर पसरू नकोस, बिया कागदाला घट्ट चिकटतात. चिनीमातीची बशी बरी.