शिकाऱ्याचा पल्ला आणि हरणाचे कान

मंडळी, धनुष्यबाण म्हटले की मला दशरथ आठवतो. नुसत्या आवाजावर बाण सोडला आणि बिचारा श्रावणबाळ गेला! बाण सोडण्याचा हक्क नेमका कुठून सुरू होतो, हा प्रश्न अमेरिकेतल्या धनुर्धारी शिकाऱ्यांनाही पडत आला आहे. त्याचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

1911 साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ एका कत्तलखान्याच्या कुंपणाशी एक उपाशी माणूस सापडला. याही जमातीतला तो शेवटचा. बाकीचे गोऱ्यांच्या कत्तलींत, रोगराईत आणि उपासमारीत संपले होते. त्याला 'इशी' म्हणू लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहत असताना डॉ. सॅक्स्टन पोप या सर्जनशी त्याची मैत्री जमली आणि डॉक्टर त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. गंमत अशी, की लांबच्या निशाणावर गोरे धनुर्धारी इशीपेक्षा सरस ठरत. पण रानात इशीच गुरू! वारा बघायचा, दबा धरायचा, तोंडाने आवाज काढून सावजाला जवळ बोलवायचे, आणि मगच बाण. 1916 मध्ये तो क्षयाने गेला. पोप यांचे या शिकारीवरचे पुस्तक 1923 मध्ये आले आणि हा छंद अमेरिकेत पसरला.

आता अंतर एवढे महत्त्वाचे का? बंदुकीची गोळी धक्क्याने पाडते, बाण मात्र कापतो. तो फुप्फुसात किंवा हृदयात गेला तर जनावर लवकर मरते. पोटात गेला तर तासन् तास तडफडते, आणि बरेचदा शिकाऱ्याच्या हातीही लागत नाही.

1969 मध्ये मिसुरीच्या हॉलिस ॲलन यांना कप्प्या लावलेल्या धनुष्याचे पेटंट मिळाले. आजचा असा बाण सेकंदाला सुमारे 300 फूट जातो. मास्तरकीची सवय, म्हणून एक गणित घालतो. हरीण 40 यार्डांवर, म्हणजे 120 फुटांवर उभे आहे. बाणाला लागतील 0.4 सेकंद. दोरीचा आवाज मात्र सेकंदाला 1100 फूट धावतो, तो 0.11 सेकंदातच पोचेल. दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबते आणि छातीवर धरलेला नेम चुकतो. 60 यार्डांवर तर त्याला जवळजवळ अर्धा सेकंद मिळतो. धनुष्य सुधारले, तरी हरणाचे कान तेच आहेत!

म्हणूनच कित्येक जाणते शिकारी 30-40 यार्डांपलीकडे बाण सोडत नाहीत. नवशिक्याने त्याहूनही जवळ जावे, म्हणतात. सरावात लहान ताटलीएवढ्या जागेत प्रत्येक बाण बसतो ते अंतर आपले, आणि सावज सावध असेल तर तेही नाही.

शिकार करावी का, हा वाद वेगळा. मला स्वतःला ती रुचत नाही. पण जी गोष्ट आपल्याला जमते ती करायचीच असे नाही, हा संयम मला मोलाचा वाटतो. धनुष्याचा पल्ला कारखाना ठरवतो, आपला पल्ला आपणच ठरवायचा असतो.

असो. तुम्हाला काय वाटते, जरूर कळवा.